आर्लिसच्या भट्टीचं दुखणं

घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली की आर्लिस ट्वेटला ते सगळ्यात आधी अ‍ॅरिझोनाहून कळायचं. ती स्वयंपाकघरात दोन स्वेटर चढवून कॉफी घेत बसलेली असायची, आणि फोन वाजायचा.

"आई, घरात बेचाळीस अंश फॅरनहाइट झालेत. फ्रिजच म्हण."

"हो का? मला काही जाणवलं नाही बाई."

"तुझ्या तोंडातून वाफ येत असेल आत्ता."

येत होती. आर्लिसने फोन तोंडापासून जरा लांब धरला, जणू तिकडे दिसणारच होती.

शेरिल ही तिची एकुलती एक मुलगी. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आली तेव्हा भिंतीवरचा जुना गोल थर्मोस्टॅट काढून नवा बसवून गेली होती. हा नवा घरातलं तापमान थेट तिच्या फोनवर कळवायचा. मुलीने आईची काळजी करावी, पण चहाडी करायला भिंतीवर नोकर ठेवू नये, असं आर्लिसचं स्पष्ट मत होतं. ते तिने शेरिलला सांगितलं नव्हतं. "किती छान," एवढंच सांगितलं होतं.

आर्लिसचा जन्म लुंडबीतलाच, आणि मिनेसोटातल्या या गावात कुणाला तोंडावर वाकडं बोलायची पद्धत नाही. डोळ्यांच्या पापण्या गोठायला लागल्या तरी इथली माणसं "आज जरा गारवा आहे" म्हणतात. यजमानीणबाईंचा केक करपला असेल तर पाहुण्याने दुसरा तुकडा मागून घ्यायचा असतो. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा इथे भांडी जरा जोरात पुसून उरकतात. अशा गावात सत्तरी गाठलेल्या बाईला "नाही" हा शब्द तोंडातून काढायचा म्हणजे दात उपटून घेण्यासारखंच.

"हे बघ आई," शेरिल म्हणाली, "आता शेवटचं सांगते. पुन्हा एकदा ती भट्टी बंद पडली ना, की मी येणार आणि तुला घेऊन जाणार. एकटीने गारठून मरायचंय का तुला? घर वसंतात विकायला काढू. इथे तुझी खोली तयारच आहे."

"बघू या."

"पडदे कुठल्या रंगाचे घेऊ?"

"पिवळे बरे दिसतील," आर्लिस म्हणाली, कारण विचारल्यावर काहीतरी सांगायला हवं.

तिने फोन ठेवला. तिला अ‍ॅरिझोनाला जायचं नव्हतं. तिथे निवडुंग होते, आणि म्हातारी माणसं अर्ध्या चड्ड्या घालून गोल्फ खेळत होती. तिला याच घरात मरायचं होतं, आणि तेही शक्यतो घाई न करता.

बरं, भट्टी काही म्हातारी नव्हती. आर्लिसच्या नवऱ्याने, नॉर्बर्टने, जाण्याच्या आदल्याच वर्षी हौसेने नवी कोरी बसवून घेतली होती. तिला धुराडं लागत नव्हतं. तळघरातून निघून बाजूच्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन पांढरे पाइप बाहेर आले होते. एकाने हवा आत ओढायची, दुसऱ्याने धूर बाहेर सोडायचा. नॉर्बर्टला त्यांचा इतका अभिमान की रविवारी चर्च सुटल्यावर तो लोकांना पाइप बघायला घेऊन यायचा. लोकही यायचे आणि "पाइप म्हणजे पाइप आहेत हो" म्हणून जायचे. तो होता तोवर भट्टीने कधी हूं की चूं केलं नाही. तो गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिने असा छळ मांडला की आर्लिसला वाटलं, हिलाही विधवापण आलंय की काय.

दुरुस्तीला टॉड यायचा. गावात भट्ट्या बघणारा तो एकटाच, आणि बोलण्यात पटाईत. आर्लिसने त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळे तो घरात शिरताना टोपी काढायचा. तो आला की भट्टी अशी गुणी मुलीसारखी चालायची की बघत राहावं.

"मिसेस ट्वेट, ही तर मस्त चालतेय."

"आत्ता चालतेय रे. सकाळी बंद होती."

"काय आवाज करत होती?"

"काहीच नाही. तोच तर त्रास आहे."

मग टॉड मान हलवायचा आणि आलोच आहोत तर म्हणून काहीतरी बदलायचा. एकदा हवेची जाळी बदलली. एकदा ज्योत ओळखणारी काडी घासूनपुसून लख्ख केली. एकदा थर्मोस्टॅटची बॅटरी बदलली आणि म्हणाला, "नव्याण्णव टक्के हेच होतं." उरलेला एक टक्का पुढच्या बर्फासरशी उगवला.

टॉड यायचा म्हटल्यावर आर्लिसची मात्र धांदल उडायची. घर आवरायला हवं, कॉफी ठेवायला हवी, आणि मुख्य म्हणजे बाजूच्या दाराची वाट साफ करायला हवी, कारण तो त्या दाराने थेट तळघरात उतरायचा. पोराने गुडघाभर बर्फातून का यावं? म्हणून ती फावडं आणि झाडू घेऊन बाहेर जायची, वाट मोकळी करायची, आणि हाती झाडू आहेच तर भिंतीलगतचंही सगळं नीट लोटून काढायची. लोकांनी काय म्हणावं! मग भट्टीचं बटण एकदा बंद करून चालू करायची, आणि टॉडची गाडी दारात लागेपर्यंत घर उबदार.

अ‍ॅरिझोनाच्या त्या फोननंतर तिने ठरवलं, आता पुढचं दुखणं आपल्या डोळ्यांदेखत होऊ द्यायचं. रात्री बर्फ पडला. सकाळी उठून ती घडीची खुर्ची, कॉफीचा थर्मास आणि लोकर-सुया घेऊन तळघरात भट्टीसमोर जाऊन बसली, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तशी. भट्टी मजेत घुरघुरत होती. आर्लिसने मोज्याची टाच विणून काढली.

तेवढ्यात बाहेरून घरघर आली. ती ओळखीची होती. पलीकडच्या घरातला व्हर्लिन हाउगेन बर्फ उडवायचं यंत्र घेऊन निघाला होता. व्हर्लिन आर्लिसच्याच वर्गातला, आता विधुर. नॉर्बर्ट गेल्यापासून प्रत्येक बर्फानंतर तो न सांगता, न विचारता तिचं अंगण साफ करून जायचा. आर्लिसही न सांगता त्याच्या पायरीवर कधी लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, कधी भट्टीत भाजलेल्या मांस-भाजीच्या हॉटडिशचं भांडं ठेवून यायची. लुंडबीत शेजारधर्म असाच चालतो. त्याबद्दल कुणी बोललं तर दोघांनाही लाज वाटेल.

घरघर जवळ आली. बाजूच्या भिंतीवर धप्प असा आवाज झाला. मग धप्प, धप्प, धप्प. ओल्या वाळूचा ट्रक रिकामा करावा तसं कुणीतरी भिंतीवर काहीतरी ओतत होतं. भट्टीने एक लांब श्वास ओढल्यासारखं केलं, खट्‌ असा आवाज झाला, आतली निळी ज्योत गेली, आणि तिच्या पोटातला तांबडा दिवा लुकलुकायला लागला.

आर्लिस सुया हातात धरून तशीच बसली. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या दोन पांढऱ्या पाइपांकडे तिने पाहिलं. मग झाडू आठवला. आपण टॉडसाठी वाट लोटतो, पाइप मोकळे होतात, भट्टी चालू होते, आणि टॉडला काही सापडत नाही. व्हर्लिन तिच्या भल्यासाठी भट्टी विझवत होता, आणि ती टॉडच्या भल्यासाठी पुरावा झाडून टाकत होती.

"उफ्‌ दा," ती भट्टीला म्हणाली. याहून मोठी शिवी तिने उभ्या जन्मात दिली नव्हती.

दुखणं सापडलं होतं. औषध एका वाक्याचं होतं: व्हर्लिन, बर्फ त्या बाजूला टाकू नकोस. दुसऱ्या कुठल्या गावात हे वाक्य खिडकी उघडून ओरडून सांगितलं असतं आणि विषय संपला असता. पण फुकटात, थंडीत, दुखऱ्या गुडघ्याने काम करणाऱ्या माणसाला चूक दाखवायची? आर्लिसने दोन दिवस विचार केला आणि ताटभर भोपळ्याच्या वड्या घेऊन त्याच्या दारात गेली.

"कशाला उगाच?" व्हर्लिन म्हणाला.

"उरल्या होत्या."

"नको, नको."

"घे रे, मला एकटीला संपत नाहीत."

"बरं, आणल्याच आहेस तर."

मग हवेबद्दल बोलणं झालं. मग रस्त्याबद्दल. मग कुणाकुणाची ऑपरेशनं झाली त्याबद्दल. आर्लिसने घसा साफ केला.

"व्हर्लिन, यंदा त्या बाजूच्या भिंतीला बर्फ बराच साठलाय, नाही?"

व्हर्लिनचा चेहरा उजळला. "आलं का तुझ्या लक्षात? मी म्हटलं, हिला कळलं नसेल. अगं, मुद्दामच लावतोय. आठवतं ना, आपल्या शेतावरच्या घरांना वडीलमंडळी कसं चहूबाजूंनी बर्फ थापायचे? वाऱ्याला आत शिरायला फट नाही. चर्चनंतरच्या कॉफीला कळलं, तुझी भट्टी दगा देते म्हणून. म्हटलं, यंत्रांचा काय भरवसा? बर्फासारखी गोधडी नाही."

आर्लिसला आठवत होतं. तिच्या बापाने बर्फ थापला होता आणि त्या घरात खरोखर ऊब राहायची. पण त्या घराला लाकडाची शेगडी होती आणि धुराडं छपरातून वर गेलेलं होतं.

"किती रे काळजी करतोस," ती म्हणाली, आणि स्वतःचा तिला मनापासून राग आला.

"त्यात काय. अजून दोन फूट चढवतो."

त्याने चढवला. भट्टी बंद पडली की चर्चमध्ये बातमी जायची, बातमी ऐकून व्हर्लिन आणखी बर्फ थापायचा, आणि थापला की भट्टी बंद पडायची. आर्लिसने पाइपांशेजारी लाल फडकं बांधलेली काठी रोवून पाहिली. व्हर्लिनने दुसऱ्या दिवशी बर्फ बरोबर फडक्यापर्यंत भरला आणि तिला बघून हात केला. "खूण बरी केलीस! कुठवर न्यायचं ते कळत नव्हतं."

ती स्वतः जाऊन पाइप मोकळे करू शकत होती आणि करतही होती, पण चोरासारखी. व्हर्लिनच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला, आणि तो दिवसभर तिथे बसून शब्दकोडी सोडवायचा. त्याने मेहनतीने रचलेला बर्फ त्याच्याच डोळ्यांसमोर उपसायचा म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखंच झालं असतं. तो कॉफीला बाहेर पडेपर्यंत थांबावं लागायचं. तोवर घर गारठत जायचं, आणि भिंतीवरचा तो चहाडखोर चहाडी करायला टपलेला. एकदा तिने त्याच्यावर केस वाळवायचं यंत्र धरलं. लगेच फोन वाजला.

"आई! घरात ब्याण्णव झालेत! आग लागलीय का?"

"नाही गं. बिस्किटं भाजत होते."

"दिवाणखान्यात?"

आणि थर्मोस्टॅटला घर तापल्यासारखं वाटल्याने भट्टीही मग तासभर निवांत झोपून राहिली.

शेवटी शेरिल आलीच. आधी कळवलं नाही. विमानाने, तिथून भाड्याच्या गाडीने. दारात उभी राहिली ती पातळ जाकिटात, ओठ निळे झालेले. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात वीस वर्षं काढून या मुलीची थंडी सोसायची सवय गेली होती.

"मी चार दिवस राहून स्वतः बघणार आहे," ती म्हणाली. "आणि सोमवारी घर विकून देणारी बाई येणार आहे. नुसतं बघायला."

"बघू दे की," आर्लिस म्हणाली. तोंडाला जणू सवयच जडली होती.

रविवारी पहाटेपासून बर्फ पडत होता. चर्च रद्द झालं. दोघी स्वयंपाकघरात बसल्या, शेरिल आईचा जाड कोट घालून. भट्टी चालू होती. मग बाहेर घरघर सुरू झाली आणि आर्लिसचा हात कपावर थांबला. तिने मनातल्या मनात व्हर्लिनला विनवलं, आज नको, आजचा एक दिवस नको. धप्प. धप्प. खाली खट्‌ झालं. जमिनीतल्या जाळीतून येणारी गरम हवा थांबली.

शेरिलने हात जाळीवर धरून पाहिला. ती काही ओरडली नाही. उलट हळू आवाजात म्हणाली, "झालं, आई. मी त्या बाईंना उद्या कागद घेऊनच यायला सांगते." आणि तिने फोन उचलला.

पुढे काय झालं ते आर्लिसला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. ती उठली. कोट शेरिलच्या अंगावर होता म्हणून तशीच, घरातल्या सपाता घालून, बाजूच्या दाराने बाहेर पडली. व्हर्लिन यंत्रामागे वाकला होता आणि बर्फाचा झोत भिंतीवर चढत होता. आर्लिस त्या झोताच्या मध्ये जाऊन उभी राहिली. क्षणात ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली.

व्हर्लिनने घाबरून यंत्र बंद केलं. "आर्लिस! अगं, काय करतेस?"

"बंद कर! तुझ्या या बर्फाने माझी भट्टी विझते!" ती ओरडली. "तिचे पाइप तिथे आहेत, त्या भिंतीत! तू ते बुजवतोस! सगळा हिवाळा बुजवतोयस! मला नकोय तुझा बर्फ!"

गावाच्या इतिहासात इतकं सरळ कुणी बोललं नसेल. समोरच्या घरातला पडदा हलला.

व्हर्लिनने यंत्राचा दांडा सोडला. भिंतीकडे पाहिलं, लाल फडक्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर बसून हातमोज्यांनी बर्फ उपसायला लागला, बर्फाखाली अडकलेल्या कुत्र्याला काढावं तसा. आर्लिसही बसली. पहिला पाइप दिसला, मग दुसरा.

"मला वाटलं, घर गार पडलं की तू जाशील," तो खाली मान घालून म्हणाला. "चर्चमध्ये म्हणत होते, शेरिल तुला नेणार. मग मी इथे कुणाच्या खिडकीकडे बघत बसू?"

आर्लिसचे दात वाजत होते.

"शब्दकोडी सोडवायची असतात ना तुला?" ती कशीबशी म्हणाली.

"मला कुठली येतात?"

दारात शेरिल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने दोघांना हाताला धरून आत ओढलं, आईच्या अंगावर कोट टाकला, खाली जाऊन बटण बंद-चालू केलं. भट्टी फुरफुरली आणि पेटली. शेरिल जिना चढून वर आली ती जरा गोंधळलेली.

"म्हणजे भट्टीला काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"तुला माहीत होतं?"

"गेला महिनाभर."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

आर्लिसने ओल्या सपाता काढल्या. तिच्या केसांतला बर्फ वितळून मानेवर ओघळत होता. एकदा खरं बोलून झालं होतं, आणि आश्चर्य म्हणजे छप्पर कोसळलं नव्हतं. तो दरवाजा पुन्हा बंद व्हायच्या आत तिने दुसरं वाक्यही बाहेर काढलं.

"शेरिल, मी अ‍ॅरिझोनाला येणार नाही. उद्याही नाही, वसंतातही नाही. मला यायचंच नव्हतं."

शेरिल खुर्चीत बसली. "पण तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. मी खोली रंगवली. पडद्यांचा रंग विचारला तर पिवळा म्हणालीस!"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"आई, मी पिवळे पडदे शिवून घेतलेत!"

"छान दिसत असतील," आर्लिस म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं. पोरीसाठी वाटलं, बोललेल्या शब्दांबद्दल नाही.

शेरिलने हातातला फोन टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरले होते. "तुला थंडी वाजते म्हणून नव्हते गं नेत," ती म्हणाली. "म्हणजे, त्यासाठीही. पण संध्याकाळी कामावरून घरी येते ना, तेव्हा मला तिथे फार एकटं वाटतं. म्हणून मी सारखी फोन उघडून तुझ्या घरात किती अंश आहेत ते बघते. तेवढंच तुझ्याकडे आल्यासारखं वाटतं."

आर्लिसने दिवाणखान्याच्या भिंतीकडे पाहिलं. महिनोन्‌महिने ती त्या थर्मोस्टॅटला चहाडखोर म्हणत आली होती. "हे आधी का नाही बोललीस?"

"तुझीच मुलगी आहे मी."

आर्लिसने तिचे दोन्ही हात आपल्या ओल्या हातांत घेतले. त्या घराण्यात असं कधी कुणी करत नसे, त्यामुळे दोघींनाही पुढे काय करायचं ते कळेना, आणि हात तसेच राहिले.

"पुढच्या महिन्यात येते," आर्लिस म्हणाली. "राहायला नाही. पाहुणी म्हणून. ते पडदे बघायला. तुला सोबत म्हणून चांगले पंधरा-वीस दिवस राहीन, आणि मग परत येईन."

"नक्की?"

"नक्की."

दाराशी पायपुसण्यावर व्हर्लिन इतका वेळ अवघडून उभा होता. त्याच्या बुटांखाली पाण्याचं तळं झालं होतं आणि निघून जावं की राहावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. आता त्याचा चेहरा जरा मोकळा झाला.

"खुशाल जाऊन ये," तो म्हणाला. "तोवर घराकडे मी बघतो. वारा लागू नये म्हणून मागच्या भिंतीला थोडासा बर्फ—"

"नको!" मायलेकी एकदम ओरडल्या.

व्हर्लिनने मान डोलावली, बूट काढले आणि कॉफीला बसला.